थोडक्यात वाचलेल्यांची नोंदवही

६ जानेवारी, सोमवार

आज सकाळी पावणेसातला नवसी मरता मरता वाचली आणि त्या टँकरवाल्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला इतका संताप आला आहे की दुपारचं जेवणही धड गेलं नाही.

नवसी ही पाड्यावरची बाई. आमच्याच जुन्या कंपनीत ठेकेदाराकडे झाडलोटीला आहे. तिच्यासारख्याच आणखी दहाजणी. नाक्यापासून कंपन्यांच्या गेटापर्यंतचा दीड किलोमीटर रस्ता या अकराजणी रोज सकाळी पायी तुडवतात. सातला गेट बंद, म्हणून पाय उचलून चालतात. मी भावेशच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो. मनोरकडून आलेल्या टँकरचा आरसा नवसीच्या खांद्याला घासून गेला. डबा उडाला, भाकरी रस्त्यावर. ती भाकरी उचलायला वाकली तर मागचा टँकर भोंगा वाजवतोय! "ए बाई, हट सामने से!" बाई नव्हे, जणू खड्डाच होती मध्ये.

मी धावलो. टँकरवाल्याला चार शिव्या हासडल्या, त्या त्याच्या धुरात विरून गेल्या. नवसीने भाकरी झटकली, परत डब्यात ठेवली आणि मला म्हणाली, "काका, तुमी कंपनीत सायेब व्हते ना? मंग आमच्यासाठी वाट मागा ना. गाडी नको, बस नको. निस्ती चालायची वाट."

साहेब कसला, सेफ्टी सुपरवायझर होतो. पण एकोणीस वर्षं होतो. अहमदपूरहून बोईसरला आलो तेव्हा या रस्त्याला दोन्हीकडे झाडं होती आणि शिफ्ट सुटली की सायकलींची रांग लागायची. आता मला डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय, तर मी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरतो. रस्त्यावर चालायची सोय आहे कुठे? फेऱ्या झाल्या की स्कूटर काढायची आणि टपरीवर यायचं, एवढंच काय ते बाहेर पडणं.

तर वाट मागायची. पण नुसती ओरड करून कोणी ऐकत नाही, हे मी नोकरीत शिकलो. कागद लागतो.

७ जानेवारी, मंगळवार

माळ्यावरून कोरी नोंदवही काढली. कंपनीत आमचा नियम होता: अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, तरी लिहायचं. त्याला 'निअर मिस' म्हणत. पत्रा पडला आणि कोणाला लागला नाही, तरी नोंद. कारण थोडक्यात वाचलेली माणसं मोजली की पुढे मरणारा माणूस वाचवता येतो. मी नव्या पोरांना हे शेकडो वेळा सांगितलं आहे.

रकाने आखले. तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कारण, चूक कोणाची. अगदी कंपनीच्या वहीसारखे.

रखमाबाई म्हणाली, "रिटायर झालाव, आता तरी कुणाच्या चुका काढू नका." ही माझी बायको आहे की कामगार युनियन, मला चौतीस वर्षांत कळलेलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

दोन दिवसांत एकोणीस नोंदी. एकोणीस! दीड किलोमीटरच्या रस्त्यात! आणि वर्तमानपत्रात काय, तर रस्ता सुरक्षा अभियान उत्साहात सुरू. फोटोत सगळे फीत धरून उभे. एकाच्याही पायाला धूळ नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. नोंदी पंचावन्न.

एक गोष्ट लक्षात आली आहे. भावेशच्या टपरीपाशी येताच पायी चालणारी माणसं अचानक मधल्या डांबरावर उतरतात. कारण नाही, काही नाही! मी समोरच बसलेला असतो, माझी स्कूटर नीट कडेला, रस्ता सोडून मातीवर उभी असते, मला स्वच्छ दिसतं. नोंद ४८: "स्त्री, वय अंदाजे तीस, डोक्यावर पाटी, टपरीसमोर एकाएकी रस्त्यात आली. टेम्पोने ब्रेक मारला. कारण: बेसावधपणा. चूक: पादचारी." नोंद ५१ तीच जागा, सायकलवाला. नोंद ५२ तीच जागा, शाळेच्या दोन मुली.

वाहनवाल्यांना मी माफ करतोय असं नाही. त्यांच्यासाठी तर जेलच हवं. पण ते भुर्रकन निघून जातात, त्यांना विचारणार काय? जो वाचतो तो समोर असतो. कंपनीतही तसंच होतं. ज्याला लागलं त्याच्यापासून चौकशी सुरू करायची. आणि आपलं माणूस चुकत असेल तर लपवायचं नाही, म्हणजे आपल्या कागदाला वजन येतं.

२० जानेवारी, सोमवार

स्कूटरवरून पालघर. रस्त्याच्या कार्यालयात तिसरी फेरी. साहेब साइटवर. मागच्या वेळी मीटिंगला, त्याच्या आधी रजेवर. शिपाई म्हणाला, अर्ज टपालात टाका. मी म्हणालो, टपाल तरी पायी येतं का, की तेही टँकरखाली गेलं? तो हसला नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

भेटले एकदाचे. उपअभियंता प्रणव सर. तिशीचा पोरगा, पण वागायला फार चांगला. उभं राहून नमस्कार केला. वही उलटून पाहिली आणि म्हणाला, "सर, लोक आमच्याकडे फक्त तक्रारी घेऊन येतात. तुम्ही पहिले आहात जे डेटा घेऊन आलात."

खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. दोन वर्षांत मला कोणी सर म्हटलेलं नव्हतं. आणखी महिनाभर नोंदी ठेवा म्हणाला, मग आपण निर्णय घेऊ. चहाही पाजला.

१ फेब्रुवारी, शनिवार

स्कूटरवरून जात, जागोजागी उतरून टेपने रस्ता मापला. कागदावर डांबराच्या बाजूला सात फूट मोकळी पट्टी आहे. प्रत्यक्षात कुठे दोन फूट, कुठे काहीच नाही. उभे ट्रक चौदा. फुटलेली गटारं तीन, एकात रंगाचं पाणी. या पट्ट्या कोणाच्या बापाच्या आहेत? चौदा ट्रकवाल्यांना फुकट पार्किंग आणि चालणाऱ्या बाईला जिवाची भीती, हा कुठला न्याय!

मापताना झुंबर भेटला. हा माझ्या गावाकडचाच. आमच्या कंपनीत हेल्पर होता, डावा पंजा मशीनमध्ये गेला, आता दुसऱ्या कुठल्या गोदामात वॉचमन आहे. एका हाताने सायकल चालवत येतो. मी "काय रे, बरा आहेस ना?" म्हटलं, तर "व्हय सर" म्हणून न थांबता गेला. हा माणूस माझ्याशी कधी धड बोलत नाही. त्याचा हात गेला तेव्हा रुमाल बांधून, माझ्या मांडीवर त्याचं डोकं घेऊन, मीच त्याला दवाखान्यात नेला होता. असो. नोंद १७४: "सायकलस्वार, एका हाताने वाहन चालवत होता. चूक: सायकलस्वार."

१० फेब्रुवारी, सोमवार

रखमाबाईने वही वाचली. चष्मा लावून, एकेक पान. मला वाटलं कौतुक करेल.

"हितं समद्या बायांचीच चूक हाय म्हणायलाव तुमी. बाई गेली कुठून मग? उडून जायची का?"

मी तिला समजावलं की कारणमीमांसा हा शास्त्राचा विषय आहे. ती म्हणाली, शास्त्राला भाजी आणायला पाठवा एकदा, आणि आत गेली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वही दिली; प्रणव सरांनी पानापानाचे फोटो काढून ती परत केली. एकूण नोंदी ३१२.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्रणव सरांचा फोन! निर्णय झाला! चार मार्चला, सुरक्षा दिनाच्या दिवशी, नाक्यावर कार्यक्रम. माझा सत्कार. "सर, सगळं तुमच्या वहीच्या आधारे झालंय," असं स्वतः म्हणाले. काय झालंय ते विचारायचंही मला सुचलं नाही. वाटेशिवाय दुसरं काय असणार!

दुपारी पेढे घेऊन टपरीवर गेलो. बायका सुटून परत येत होत्या. अकराजणींना एकेक पेढा दिला, म्हटलं, तुमची वाट आली. नवसीने पेढा हातात धरून ठेवला.

"खरंच काका? पावसाच्या आदी व्हईल?"

"आधी म्हणजे! सात फुटांची. सायकलीसुद्धा जातील."

"मंग माज्या पोरीलाबी शालेत सायकलीवर धाडीन. आता नाय धाडत, भ्या वाटतं." तिने अर्धा पेढा खाल्ला, अर्धा पदराच्या टोकाला बांधला.

४ मार्च, मंगळवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

मांडव, हार, ध्वनिक्षेपक. मला शाल आणि श्रीफळ. बायका मागे उभ्या होत्या, कामावर जायच्या आधी मुद्दाम थांबल्या होत्या. प्रणव सर बोलले: एका ज्येष्ठ नागरिकाने शास्त्रशुद्ध अभ्यास केला, ३१२ पैकी २६८ प्रसंगांत चूक पादचारी वा सायकलस्वाराची आढळली, म्हणून त्यांच्याच जिवाच्या रक्षणासाठी खात्याने पाऊल उचललं आहे. मग फलकावरचं कापड ओढलं. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी मीच वाजवल्या. मग वाचलं.

"सकाळी ६ ते ८ व दुपारी २ ते ४ या वेळेत पादचारी व सायकलस्वारांस या मार्गावर सक्त मनाई. पर्यायी मार्ग: ओढ्याकडील रस्ता." आणि खाली, बारीक अक्षरांत, "माहिती संकलन: श्री. नागोराव भिसे."

ओढ्याकडचा रस्ता म्हणजे साडेतीन किलोमीटर जास्त! शिफ्टच्या नेमक्या वेळेला चालणाऱ्यांनाच बंदी! ज्यांनी वाट मागितली त्यांनाच हाकलून रस्ता टँकरला मोकळा करून दिला!

मी प्रणव सरांचा दंड धरला. म्हटलं, ही काय थट्टा लावलीय? मी वाट मागितली होती, वाट! तो जराही चिडला नाही. मोबाइलवर माझ्या वहीचं पान काढून दाखवलं. "सर, अक्षर तुमचंच ना? चूक पादचारी, चूक पादचारी, चूक सायकलस्वार. तुम्हीच सांगा, यावरून मी वर काय प्रस्ताव पाठवणार? चुकणाऱ्यांसाठी वाट बांधा म्हणून?"

मागे पाहिलं तर बायका निघून गेल्या होत्या. सात वाजून गेले होते.

५ मार्च, बुधवार

फलकाखाली ट्रॅफिकचा हवालदार बसवला आहे. त्याने बायकांना परत फिरवलं. ओढ्याकडून धावत गेल्या तरी चौघींना गेट मिळालं नाही. नवसी त्यांतलीच. टपरीवरून जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

झुंबरलाही सायकलवरून उतरवला. तो सायकल ढकलत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आज पहिल्यांदा स्वतःहून बोलला.

"सर, माझ्या येळंला बी तुमी ह्येच लिहिलं व्हतं."

"काय लिहिलं होतं?"

"कारण, हातमोजे घातले नव्हते. चूक, कामगाराची. मशीनचं गार्ड आठ दिवस काढून ठिवलं व्हतं, तुमाला ठावं व्हतं. मला मांडीवर घिऊन बसला, मंग हापिसात जाऊन त्ये लिहिलं." तो आवाज चढवून बोलत नव्हता. "तुमच्या मनात पाप नव्हतं सर, ते मला ठावं हाय. पर तुमी कदी वर बगितलंच नाय."

गेला. मी भावेशला चहा सांगितला आणि घेतलाच नाही.

६ मार्च, गुरुवार

गार्डची, मशीनवरच्या संरक्षक जाळीची, गोष्ट खरी आहे. दुरुस्तीला गेलं होतं. उत्पादन थांबवता येत नव्हतं. मला माहीत होतं.

८ मार्च, शनिवार

आज स्कूटर टपरीवर लावली आणि दुपारी, मनाईची वेळ नसताना, नाक्यापासून गेटापर्यंत पायी गेलो. या रस्त्याने पायी जाऊन मला अकरा वर्षं झाली असतील. पन्नास नोंदी केल्या, शंभर केल्या, तीनशे केल्या, सगळ्या बाकावर नाहीतर स्कूटरवर बसून.

पहिल्या दोनशे पावलांत चार वेळा डांबरावर उतरलो. एकदा ट्रकमुळे, एकदा गटारामुळे, एकदा खडीचा ढीग होता, एकदा तर पायाखाली काही नव्हतंच, नुसता उतार. टँकर गेला की वाऱ्यानेच माणूस हलतो. या बायका डोक्यावर ओझं घेऊन, घड्याळाशी शर्यत लावून चालतात, आणि मी लिहिलं: बेसावधपणा!

परत येताना टपरीपाशी पुन्हा डांबरावर उतरावं लागलं. भोंगा वाजला, मी दचकून उडी मारली. वाटेत काय आडवं आहे म्हणून पाहिलं तर माझी स्कूटर. एका बाजूला बाक, दुसऱ्या बाजूला गटार, आणि मधल्या दोन फुटांत ती. रस्ता सोडून, मातीवर, नीट.

भावेशला म्हटलं, तू बोलला का नाहीस? तो खजील झाला. "काका, तुमी रोज तिकडंच बघून लिवत व्हते. मला वाटलं तुमाला ठावं हाय."

१० मार्च, सोमवार

पाड्यावर गेलो. पायी. एकेका बाईला विचारलं: त्या दिवशी तू रस्त्यात का आलीस? आधी बोलेनात. मी वही उघडून बसलो तर एक म्हातारी म्हणाली, "परत लिवतंय यो." मग रखमाबाईला बरोबर नेलं. तिच्याशी बोलल्या.

११ ते १३ मार्च

कंपनीच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या शब्दावरून एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरी नोंद व सही. तसंच केलं. ज्या माणसांचा पत्ता लागला त्यांना विचारून, बाकीच्यांची जागा पुन्हा पाहून. उभा ट्रक. फुटलेलं गटार. खडी. पट्टीच नाही. उभा ट्रक.

सदतीस नोंदींत: चूक नागोराव भिसे.

प्रत्येक नोंदीशेजारी सही. सदतीस वेळा. रखमाबाई शेजारी बसून होती, चहा तीनदा केला.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. झुंबरकडे जाऊन आलो. त्याच्या रिपोर्टबद्दल कंपनीला अर्ज लिहिला आहे, गार्ड नव्हतं आणि मला माहीत होतं, असा. त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "चवदा वर्सं झाली सर." अर्जाची एक प्रत मात्र मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. मी माफी मागितली. त्याने ती दिली की नाही मला कळलं नाही. विचारण्याचा मला अधिकार नाही.

१५ मार्च, शनिवार

प्रणव सर घरी आले, कारण मी फोनवर सगळं सांगितलं होतं. दुरुस्त केलेली वही पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"सर, सत्कार घेतलेला माणूस असं लिहून देतो का? आणि नीट विचार करा. तुमच्या जुन्या नोंदी चुकीच्या ठरल्या, तर या नव्या नोंदींवर कोण विश्वास ठेवणार? दोन्ही बाद होतील. फलक कदाचित निघेल, पण वाटेची मागणीही त्याच वहीवर उभी आहे. तीही जाईल. त्यापेक्षा गप्प बसा. पुढच्या वर्षी मी वाटेचं काहीतरी बघतो."

पुढच्या वर्षी! या माणसाचा मला राग येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो मूर्ख नाही. तो मी एकोणीस वर्षं करत होतो तेच करतोय.

या वेळी मात्र मी आपला आपण निर्णय घेतला नाही. संध्याकाळी नवसीला जाऊन विचारलं. वाट तिची आहे. ती उंबऱ्यावर बसली.

"वाट तर नायच मिलाली काका. आमच्या डोक्यावरची चूक तरी उतरवा."

जुन्या नोंदी चुकीच्या होत्या असं लिहून सही केली. प्रणव सर फोनवर म्हणाले, पोच देणार नाही. दुरुस्त वही रजिस्टर पोस्टाने पाठवतोय.

१७ मार्च, सोमवार

सकाळी पावणेसहाला पाड्यावरून निघालो. अकराजणी, मी, नाक्यावर झुंबर सायकल घेऊन येऊन मिळाला. कोणी घोषणा दिल्या नाहीत. त्यांना फक्त कामावर जायचं होतं, सरळ रस्त्याने. मी टँकरच्या बाजूने चालत होतो. नवसीने मला दोनदा आत ओढलं.

फलकापाशी हवालदाराने अडवलं. पुस्तक काढलं. नवसी पुढे होती म्हणून आधी तिचंच नाव विचारलं. मी म्हटलं, माझं लिहा. त्याने माझं नाव लिहिलं, मग मान वर करून फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, हे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग हे काय चाललंय?"

त्याने सगळ्यांची नावं उतरवून पान पुढे केलं. खाली छापलेलं होतं: चूक मान्य / अमान्य, सही. "मान्य करा आणि मोकळे व्हा," तो म्हणाला. "वाद घातलात तर सगळ्यांना बसवून ठेवावं लागेल. सातला गेट बंद होतं ना यांचं?"

घड्याळात सहा चाळीस. मी मागे वळून पाहिलं. मान्य केलं असतं तर धावत जाऊन पोचल्या असत्या, आजचा दिवस वाचला असता. हे मला त्यांना सांगावंही लागलं नाही, त्यांना घड्याळ माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

"काका, ते दोन शबुद हायत ना, त्यातला नायवाला कोनचा?" नवसीने विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं. तिने हवालदाराच्या हातातून पेन घेतलं आणि त्या शब्दाभोवती गोल काढला. गोल वाकडातिकडा आला. तिच्यामागून दुसरी पुढे झाली. मग तिसरी. म्हातारीने अंगठा दिला. झुंबरने सायकल पोटाला टेकवून, कागद हँडलवर धरून, एका हाताने सही केली. मी सर्वांत शेवटी.

सव्वासात वाजले. गेट बंद झालं होतं. अकराजणींचा दिवस बुडाला, आणि एकीनेही चूक मान्य केली नाही.